मदत हवी आहे: स्लो मोशनमध्ये काळ्या पट्ट्या सरकतायत, शनिवारी फिल्म पाठवायची आहे

खानापूरचा_कणी: नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा. पत्र्यावर पीठ टाकून आजीची ओवी वाजवायलोय आणि शूट केलं की दरवेळी आडव्या काळ्या पट्ट्या सरकत जातात, डोळ्यानं बघितलं तर काहीच नाही. चार रात्री गेल्या ह्यात. लेन्स पुसली, फोन रिस्टार्ट केला, भावाच्या फोननं काढून बघितलं, तेच. एडिटिंगमध्ये काढता येतात का एवढंच सांगा.

शहापूर_पेठ: फोन कुठल्या मोडवर हाय? उजेड कशाचा? आणि पत्र्यावर ओवी वाजवायची म्हणजे काय, ते कळंना.

खानापूरचा_कणी: स्लो मोशन २४०. घरातली एलईडी ट्यूब. ताटाएवढा चौकोनी पत्रा मधोमध बोल्टनं स्पीकरवर बसवलाय, आजी जात्यावर म्हणायची ती ओवी रेकॉर्ड केलेली आहे, ती स्पीकरमधून सोडतो आणि पत्र्यावर त्याच जात्याची तांदळाची पिठी टाकतो. आवाजानं पीठ हलतं त्याची फिल्म. सहा मिनिटांची. निवेदन वगैरे काही नाही.

निपाणी_व्हिडिओ: शटर १/५० करा, विषय संपला. दहा वर्षं लग्नं काढतोय, हॉलमधल्या ट्यूबचा हाच त्रास, १/५० नाहीतर १/१००.

शहापूर_पेठ: दादा, ते २५ फ्रेमला. सेकंदाला २४० फ्रेम घ्यायच्या म्हटल्यावर एक फ्रेम १/२४० पेक्षा जास्त वेळ उघडी राहणार कशी? आपली लाइन ५० हर्ट्झ, त्यामुळं साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/५० असलं की प्रत्येक फ्रेममध्ये दोन पुरे झटके बसतात म्हणून उजेड सारखा दिसतो. २४० ला अर्धाच झटका येतो, आणि फोनचा सेन्सर ओळीओळीनं वाचतो म्हणून पट्टी.

निपाणी_व्हिडिओ: मग २५ वर काढा की. स्लो मोशन पाहिजेच कशाला?

खानापूरचा_कणी: पाहिजे. दाणा उडतो आणि जागा बदलतो तेवढंच बघायचंय, २५ ला नुसता धूर दिसतो.

अनगोळ_एडिट्स: एवढा खटाटोप कशाला भाऊ, आवाजाची फाइल टाकली की पार्टिकल्स नाचवणारं सॉफ्टवेअर मिळतं. रात्रीत होईल. पट्ट्याही नाहीत.

खानापूरचा_कणी: नको. आजी जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या आवाजानं खरोखरचं पीठ सरकलं पाहिजे, कॉम्प्युटरनं सरकवलेलं नको.

टिळकवाडी_निवृत्त_मास्तर: बाळा, पट्ट्यांचं ते बघतील, मला पिठाचं सांग. रेषा येतात की ढिगारे होतात?

खानापूरचा_कणी: ढिगारेच सर! मी म्हटलं पत्रा वाकडा असेल. तुम्हाला कसं कळलं?

टिळकवाडी_निवृत्त_मास्तर: क्लाडनी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १७८७ च्या पुस्तकात थरथरत्या पत्र्यावर उठणाऱ्या ह्या आकृत्या छापल्या, पण त्यानं वाळू वापरली होती आणि पत्र्याची कड व्हायोलिनच्या गजानं घासली होती. वाळू जड, ती हलणाऱ्या जागेवरून उडत उडत न हलणाऱ्या रेषेवर जाऊन थांबते. बारीक भुकटी मात्र हलणाऱ्या जागेवरच गोळा होते. पत्र्यावर हवेचे बारीक प्रवाह तयार होतात, ते तिला तिकडं ओढतात, हे इंग्लंडच्या फॅरडे ह्या शास्त्रज्ञानं १८३१ मध्ये दाखवलं. तू पिठी टाकतोस म्हणून उलटं चित्र येतंय. जातं घरी आहे ना? मग वरची तळी जराशी वर ठेवून भरड काढ, पिठी चाळून टाक, कणी तेवढी ठेव. आणि पावसाची हवा आहे, कणी आधी तव्यावर कोरडी कर, नाहीतर चिकटेल.

सुळेभावी_रसिक: आवाजाचाच विषय निघालाय म्हणून सांगतो, कुमार गंधर्वांचा जन्म आमच्या सुळेभावीचा, १९२४. आणि पत्र्यापेक्षा तबला घ्या, मधल्या काळ्या शाईमुळं त्याचे सूर कसे जुळतात ह्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये लिहिलंय.

शहापूर_पेठ: ह्या पावसात तबल्याचं चामडं उतरलेलं असतंय. पत्राच बरा.

चिकोडी_ताई: ओवीला कन्नड सबटायटल्स टाकणार का? आमच्या शेजारच्या आजींना दाखवायची आहे.

खानापूरचा_कणी: टाकीन ताई, आधी पट्ट्या जाऊ देत. दिवसा गच्चीवर काढलं असतं पण आठ दिवस उघडीप नाही, वाऱ्यानं पीठही उडतं.

शहापूर_पेठ: घरी ट्रॅक्टर हाय का? बॅटरी आण, १२ व्होल्टची. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब थेट तिच्यावर लाव. बॅटरीचा करंट एकसारखा, लुकलुक नाहीच. ट्यूब बंद करायची, मध्ये फ्यूज टाकायचा, आणि बल्ब भयंकर तापतो, कापड कागद जवळ ठेवू नको.

निपाणी_व्हिडिओ: हे चालेल. बल्ब वरून नको, पत्र्याच्या कडेनं आडवा लाव. प्रत्येक कणीची सावली पडेल, उठाव येईल.

खानापूरचा_कणी: रात्री केलं सगळं. पट्ट्या एक नाही! शब्दाशब्दाला कणी नुसती थरथरते, रेषा धरत नाही, पण ओळीच्या शेवटी आजी "गं" लांबवते तिथं सूर स्थिर राहतो, तेव्हा कणी दोन्ही बाजूंनी सरकत येऊन बारीक वाकडी रेघ होते आणि आजीनं श्वास घेतला की तिथंच पडून राहते. पुढच्या ओळीला मोडते. तीनदा वाजवलं, तिन्ही वेळा तिथंच आली. आई बघत बसली होती. मास्तर, शहापूरकर, निपाणीचे दादा, आभार. आता एकच, पत्रा फार चमकतोय, काळा रंग मारू का?

टिळकवाडी_निवृत्त_मास्तर: मार, पण पातळ हात दे आणि पूर्ण वाळू दे. रंगाच्या वजनानं पत्र्याचा सूर जरा खाली येईल, "गं"ची रेघ दुसरीकडं पडेल. आत्ताचं आहे ते शूट आधी जपून ठेव.