लॅटव्हिया–एस्टोनिया संयुक्त बास्केटबॉल लीग: देशांतर्गत विजेतेपदाची वेगळी फेरी आता हवी का?

सीमारेषा (धागाकर्ता)

२०१८ साली लॅटव्हिया आणि एस्टोनिया यांनी आपापल्या बास्केटबॉल लीग एकत्र केल्या. तेव्हापासून रिगाचा व्हीईएफ, टॅलिनचा कालेव, वेंट्सपिल्स, ओग्रे, तार्तू, पार्नू असे संघ हिवाळाभर एकाच गुणतक्त्यात झुंजतात. संयुक्त विजेता ठरला की मात्र सगळे आपापल्या देशात परततात आणि राष्ट्रीय विजेतेपदासाठी बाद फेरी नव्याने खेळतात. ही दुसरी फेरी बंद करावी, असे माझे मत आहे. एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम १३–१४ लाख, लॅटव्हियाची १९ लाखांच्या आसपास. एवढ्याशा बाजारपेठेत एकाच मोसमात दोन अजिंक्यपदे मांडली, तर प्रायोजकाने नेमके कशासाठी पैसे मोजायचे?

तार्तूत शिकत असताना मी एकदा रेल्वेने वाल्गाला सामना पाहायला गेलो होतो. १९२० साली या गावाची वाटणी झाली: एस्टोनियात वाल्गा, लॅटव्हियात वाल्का. २००७ च्या डिसेंबरात दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आले आणि गावातले तपासणी नाके उठले. मी गेलो त्या मोसमात या लीगमध्ये वाल्गा-वाल्का या जोडनावाचाच संघ होता. माझ्या शेजारचे आजोबा लॅटव्हियाच्या बाजूने चालत आले होते आणि बुटांवरचा बर्फ पायरीवर झटकत बसले होते. उद्घोषक गुण दोन भाषांत सांगत होता. या दोन भाषांचे एकमेकींशी काहीही नाते नाही, पण आजोबा दोन्ही वेळा टाळ्या वाजवत होते. त्यांनी कोणत्या देशाच्या अजिंक्यपदाची वाट पाहायची?

दुसरी बाजू

आजोबा मलाही आवडले. पण एका सीमेवरच्या गावावरून दोन देशांचे नियम ठरवता येणार नाहीत. पार्नूचेच पाहा. समुद्रकिनाऱ्यावरचे, सुमारे ४० हजार वस्तीचे हे गाव २०२२ मध्ये प्रथमच एस्टोनियाचे विजेते झाले. राष्ट्रीय फेरी नसती, तर त्या मोसमाची नोंद पार्नूच्या लेखी संयुक्त गुणतक्त्यातल्या एका ओळीपुरती राहिली असती. लहान क्लबला भिंतीवर लावायला एक तरी चषक मिळण्याची शक्यता हवी. नुसते चांगले प्रतिस्पर्धी मिळाले म्हणून गावातला लाकडाचा व्यापारी पुढच्या वर्षी पुन्हा चेक फाडत नाही.

शिवाय, सीमेपलीकडच्या स्पर्धा टिकतातच असे नाही. बाल्टिक लीग २००४ मध्ये सुरू झाली आणि १४ मोसमांनंतर थांबली. अशा वेळी शेवटी हाताशी राहते ती घरची स्पर्धा.

सीमारेषा

बाल्टिक लीगची तुलना मला मान्य नाही. ती राष्ट्रीय लीगच्या जोडीला चालणारी जादा स्पर्धा होती, म्हणजे तेच खेळाडू, तोच खर्च आणि वर आणखी प्रवास. संयुक्त लीगने उलट राष्ट्रीय साखळीचीच जागा घेतली आहे. रिगा ते टॅलिन अंतर सुमारे ३१० किलोमीटर, म्हणजे बसने सकाळी निघून संध्याकाळी सामना खेळता येतो. विमानाची तिकिटे काढावी लागत नाहीत, हेच या लीगचे खरे बळ आहे.

त्रयस्थ

एक गोष्ट कोणीच मांडली नाही. रशियाच्या आक्रमणामुळे युक्रेनचा प्रोमेतेय हा क्लब २०२२–२३ च्या मोसमात रिगाला आपले घर मानून या लीगमध्ये खेळला आणि थेट विजेता ठरला. त्याला आसरा दिला हे उत्तमच झाले. पण धागाकर्त्याचा नियम लावला, तर त्या वर्षी लॅटव्हियालाही विजेता नाही आणि एस्टोनियालाही नाही.

सीमारेषा

हा मुद्दा बिनतोड आहे आणि त्यापुरती मी माघार घेतो. मग निदान क्रम तरी बदलावा. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी २०२१ मध्ये बीएनएक्सटी लीग सुरू केली, तेव्हा त्यांनी आधी राष्ट्रीय विजेते ठरवले आणि मोसमाचा शेवट संयुक्त बाद फेरीने केला. पहिल्याच वर्षी नेदरलँड्सचे विजेतेपद डेन बॉशने घेतले आणि संयुक्त चषक मात्र लायडनने नेला. दोन गावांत मिरवणूक निघाली, यात कोणाचे काय बिघडले?

दुसरी बाजू

बिघडले ते डेन बॉशचे! देशात पहिले आलेल्या संघाला पुढच्या फेरीत पुन्हा स्वतःला सिद्ध करावे लागले आणि मोसमातला शेवटचा चषक दुसऱ्याच्या हातात गेला. शिवाय घरचे अजिंक्यपद जिंकल्यावर परदेशी खेळाडूंचे अर्धे मन विमानतळावर पोहोचलेले असते. त्यांच्याकडून पुढची फेरी जीव तोडून खेळवून घेणे प्रशिक्षकाला किती जमेल, याची मला शंका आहे. लॅटव्हिया–एस्टोनियाचा आजचा क्रम ओबडधोबड असेल, पण शेवटचा सामना ज्यांच्यासाठी खेळला जातो ते प्रेक्षक आपल्याच देशातले असतात. वाल्गाचे आजोबा तेवढे अपवाद, आणि त्यांना दोन्हींकडे जायला पाच मिनिटे लागतात.