येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस: वर्गात कसं शिकवावं?

खाडीकाठ (वेंगुर्ले)

नमस्कार. आगमनकाळात (नाताळच्या आधीचे आठवडे) सातवी-आठवीच्या मुलांना देहधारणाचा, म्हणजे देवाचा पुत्र माणूस झाला याचा, धडा द्यायचा आहे. ४५ मिनिटांचे दोन रविवार हातात आहेत. मुलं घरी मालवणी किंवा कोंकणी बोलतात, शाळा मराठी. धड्यात वाक्य आहे, 'येशूच्या एका व्यक्तीत दोन स्वभाव'. आता 'स्वभाव' म्हटलं की मुलांना एक रागीट आणि एक शांत असं काहीतरी वाटतं. समजावताना नारळ (बाहेर करवंटी, आत खोबरं) किंवा पाण्यात विरघळलेलं मीठ ही उदाहरणं चालतील का? 'अवतार' हा शब्द वापरावा का? वर्गात केरळच्या सिरियन कुटुंबातली दोन मुलंही आहेत, त्यांना दुखावेल असं काही बोललं जाऊ नये.

जुनीवही

दोन्ही उदाहरणं सोडा. दिसायला सोपी आहेत, पण ज्या चुका चर्चने दीड हजार वर्षांपूर्वी नाकारल्या, नेमक्या त्याच ती मुलांच्या डोक्यात बसवतात.

नारळात बाहेरचं एक, आतलं दुसरं. म्हणजे वरवर माणूस आणि आत देव. चौथ्या शतकात लाओदिकियाचा बिशप अपोलिनारिस जवळपास हेच म्हणत होता. येशूचं शरीर माणसाचं, पण माणसाच्या बुद्धीच्या जागी देवाचा शब्द, असं त्याचं मत. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने (बिशपांच्या सभेने) ते नाकारलं. नाझियान्झसच्या ग्रेगरीने कारण एका ओळीत दिलं होतं, त्याचा आशय असा: त्याने जे धारण केलं नाही, ते बरंही झालं नाही. आपली भीती, मोह आणि निर्णय मनातच घडतात. तारणाऱ्याला माणसाचं मनच नसेल, तर आपलं मन तारणाबाहेर राहिलं. हा मुद्दा आठवीच्या मुलाला कळतो, तो गाळू नका.

मिठाची चूक उलट्या बाजूची. विरघळल्यावर मीठ वेगळं दाखवता येत नाही आणि पाणीही गोडं राहत नाही. सोलकढीचं तसंच, आगळ आणि नारळाचं दूध मिळून तिसराच पदार्थ होतो. पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा मठाधीश युतिखेस याच्यावर हाच ठपका होता की त्याच्या मांडणीत येशूचं माणूसपण देवपणात विरून जातं.

आपल्या भागात आणखी एक उदाहरण मुलं स्वतःहून पुढे करतील, ते दशावतारी नाटकाचं. कलाकार मुकुट चढवतो, रात्रभर देव असतो, पहाटे रंग पुसतो. कला म्हणून ती थोर आहेच. पण वेश घेणं आणि माणूस होणं यांत फरक आहे. येशूने माणसाचं सोंग घेतलं असतं, तर त्याची क्रुसावरची तहानही सोंगच ठरली असती.

उदाहरण हवंच असेल तर लोहाराच्या भट्टीतून नुकती काढलेली लाल कोयती घ्या. लोखंड लोखंडच आहे, आग आगच आहे, आणि घाव एकच पडतो. तो कापतोही आणि भाजतोही. कापणारी कोयती वेगळी आणि भाजणारी वेगळी असं होत नाही. प्राचीन चर्चपित्यांनी (चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतल्या शिक्षकांनी) तापलेल्या लोखंडाचा आणि तलवारीचा दाखला याच कामासाठी दिला आहे. यातही एक त्रुटी आहे, ती मुलांना सांगा. कोयती थंड होते, पण देहधारण संपत नाही. शिवाय लोखंड आधीपासून तयार होतं, तसा येशू हा माणूस आधी होता आणि मग देव त्याच्यात शिरला, असं नाही.

'स्वभाव'बद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. 'प्रकृती' घेतलात तर मुलं तब्येत समजतील. त्यापेक्षा फळ्यावर दोन प्रश्न लिहा: 'कोण?' आणि 'काय?' हा कोण, याचं उत्तर एकच: देवाचा पुत्र. हा काय आहे, याची उत्तरं दोन: देव आहे आणि माणूस आहे. 'कोण'ची दोन उत्तरं आली की समजा, येशूचे दोन तुकडे झाले. 'काय'चं एकच उत्तर आलं की समजा, काहीतरी विरघळलं.

आणि 'शंभर टक्के देव, शंभर टक्के माणूस' हे टाळाच. पुढच्याच क्षणी कोणीतरी विचारतं, मग दोनशे कसे? टक्के एकाच मापातल्या वस्तूंचे काढतात. देव आणि माणूस एका तराजूत बसत नाहीत, म्हणून एकाला जागा देण्यासाठी दुसऱ्याला कमी व्हावं लागत नाही. 'पूर्ण' हा शब्द पुरेसा आहे.

माडाखाली

वरचं पटलं. वेळेची आखणी देतो.

पहिला रविवार फक्त शुभवर्तमानाचा. फळ्यावर उभी रेघ मारा. डावीकडे भूक (मत्तय ४:२), थकवा (योहान ४:६), रडणं (योहान ११:३५), तहान (योहान १९:२८). उजवीकडे पापांची क्षमा (मार्क २:५), 'अब्राहामाच्या आधीपासून मी आहे' (योहान ८:५८), थोमाचं 'माझा प्रभू, माझा देव' (योहान २०:२८). वचनं मुलांनी शोधून वाचायची. ही सात पुरेत. जास्त घेतली की पानं उलटण्यातच तास जातो.

शेवटची पंधरा मिनिटं मार्क ४:३८-३९ साठी राखून ठेवा. वादळात होडीच्या मागच्या बाजूला येशू उशीवर झोपला आहे. पुढच्याच वचनात तो उठून वाऱ्याला दटावतो. भर पावसाळी दर्या पाहिलेल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही. एवढ्या लाटांत झोप लागायला माणूस किती दमलेला असेल, हे त्यांना ठाऊक आहे. इथे विचारा: झोपलेला कोण आणि दटावणारा कोण? मग फळ्यावरची मधली रेघ पुसून टाका. ती पुसायची राहिली तर मुलं दोन येशू घेऊन घरी जातात, ही या तासातली सगळ्यांत मोठी चूक.

दुसऱ्या रविवारी परिषदा, पण चारच आकडे: ३२५ नायसिया (पुत्र पित्याशी एकतत्त्व), ३८१ कॉन्स्टँटिनोपल, ४३१ एफेसस, ४५१ खाल्सेदोन. खाल्सेदोनचे चार नकार पाठ होतात असे सांगा: मिसळ नाही, बदल नाही, फाटाफूट नाही, ताटातूट नाही. पहिले दोन युतिखेसच्या बाजूची वाट बंद करतात, नंतरचे दोन नेस्तोरियसच्या बाजूची (कॉन्स्टँटिनोपलचा हा बिशप येशूचे दोन 'कोण' करतो असा ठपका होता). एफेससने मारियेला 'देवाची माता' म्हणणं योग्य ठरवलं, त्याला वेगळा वेळ नको. 'नमो मारिया' म्हणताना आपण मारियेला देवाची माता म्हणतो, तेवढं दाखवा. आई 'कोणा'ची असते, 'कशा'ची नसते. आणि तिने जन्म दिला तो 'कोण', तर देवाचा पुत्र.

मिस्सातल्या दोन गोष्टी जरूर दाखवा. मतांगिकारात (विश्वासाच्या कबुलीच्या प्रार्थनेत) देहधारणाच्या शब्दांना आपण मान लववतो आणि २५ डिसेंबर व २५ मार्च या दोन दिवशी गुडघे टेकतो. मुलं हे करतात, पण का ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. दुसरी, धर्मगुरू द्राक्षरसात पाण्याचा थेंब घालतात. त्या वेळची प्रार्थना ख्रिस्ताच्या देवपणात आपल्याला वाटा मिळावा अशी आहे, कारण तो आपल्या माणूसपणात वाटेकरी झाला. पण ते 'दोन स्वभावांचं मिश्रण' म्हणून शिकवू नका, नाहीतर मिठाचं पाणी परत आलं.

शब्ददेही

मी प्रॉटेस्टंट बाजूचा. 'अवतार' शब्दाबद्दल.

नाताळचा गोठा बघायला येणारे हिंदू शेजारी हाच शब्द बोलतात, आणि आपुलकीने बोलतात. तिथे दुरुस्ती करत बसू नये. देव खाली आला, एवढं त्यात बरोबरच आहे. पण वर्गात 'देहधारण' ठेवा, कारण तीन गोष्टी 'अवतार' शब्दात आपोआप येत नाहीत. हे एकदाच घडलं. त्याचं मरण खरं होतं. आणि माणूसपण नंतर उतरवून ठेवलं नाही: पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला (लूक २४:४२-४३) आणि त्याच देहाने स्वर्गारोहण केलं. तिसरी गोष्ट मोठ्यांनाही माहीत नसते. 'येशू माणूस होता' असं भूतकाळात म्हणायची सवय आहे, 'आहे' म्हणा.

मराठी बायबलमधलं 'शब्द देही झाला' (योहान १:१४) हे तीन शब्दांचं वाक्य पाठ करून घ्या. याहून नेमकं मराठी मला माहीत नाही. आणि हे परक्या भाषेतून आलेलं ज्ञान आहे असं मुलांना वाटत असेल, तर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण दाखवा. १६१६ मध्ये राशोलला छापलेलं, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचं. याच किनाऱ्यावर लोक ते गात असत.

जुनीवही

केरळच्या मुलांबद्दल. सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरा खाल्सेदोन मानत नाही. ती पाचव्या शतकातला बिशप अलेक्झांड्रियाचा किरिल याचे शब्द धरून 'देहधारी शब्दाचा एक स्वभाव' म्हणते. पण युतिखेसला तीही नाकारते. त्यामुळे 'एक स्वभाव म्हणणारे चुकले' असं सरसकट वाक्य वर्गात नको. १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चचे सर्वोच्च धर्मप्रमुख (कुलपती) झक्का पहिले यांनी संयुक्त निवेदन केलं, त्यात जुना वाद बराचसा शब्दांचा आणि संस्कृतीच्या फरकाचा होता असंच म्हटलं आहे. ती मुलं सिरियन कॅथलिक घरातली असतील तर हा प्रश्नच नाही, आधी विचारून घ्या.

खाडीकाठ

खूप आभार. नारळ रद्द. दोन अडचणी उरल्या. 'तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही' (मार्क १३:३२) यावर काय सांगू? आणि 'देव मेला' असं म्हणता येतं का?

माडाखाली

पहिल्याबद्दल चर्चपित्यांतही एकमत नव्हतं, म्हणून एकच उत्तर ठोकून देऊ नका. लूक २:५२ वाचा: येशू ज्ञानाने वाढत गेला. माणसाचं मन खरं असेल तर त्याला शिकावं लागतं, इतकं सांगून पुढे जा. सोबत गेथशेमाने बाग घ्या (लूक २२:४२). ६८०-६८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने म्हटलं की त्याला माणसाची इच्छाही खरी होती. ती घाबरली आणि तरीही पित्याला 'हो' म्हणाली.

दुसरं: 'कोण मेला?' या प्रश्नाला 'देवाचा पुत्र' हेच उत्तर, त्यामुळे वाक्य चुकीचं नाही. पण 'देवपण मेलं' हे चूक. तो मेला तो माणूसपणात, कारण मरता येतं ते माणसालाच. वर्गात 'देवाचा पुत्र क्रुसावर मेला' असं पूर्ण वाक्य वापरा. अर्धं वाक्य मुलं घरी जाऊन सांगतात आणि आजी घाबरते.