जुन्या भयपटांतली कृष्णवर्णीय पात्रं: एका संध्याकाळी काय दाखवावं?

निशाचर: फिल्म क्लबसाठी १९४० ते १९७० मधले दोन भयपट हवेत. भीतीच्या या गोष्टींमध्ये गोऱ्यांखेरीज इतर माणसांना काय जागा मिळाली, यावर नंतर चर्चा आहे. हातात साडेतीन तास. कुठले दाखवू, आणि कुठल्या प्रती?

रीळवाला: आधी 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी' (१९४३, ६९ मिनिटं), मग 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८, ९६ मिनिटं). चर्चेला पाऊण तास उरतो.

पहिल्याच्या भडक नावावर जाऊ नका. कॅरिबियन बेटावर आलेल्या नर्सला गाडीवान सांगतो की त्याच्या पूर्वजांना साखळदंडांनी बांधून जहाजातून इथे आणलं. 'पण किती सुंदर जागी आणलं!' असं ती म्हणते. त्यावर तो फक्त 'तुम्ही म्हणाल तसं' एवढंच बोलतो. चर्चा इथूनच सुरू करा. पुढे सर लॅन्सलॉट, हा मुळात कॅलिप्सो या कॅरिबियन लोकगीतांचा गायक, मळेवाल्या घराची भानगड भर रस्त्यात गाऊन उघड करतो. उणीवही मांडा: कॅरेफोर हा झॉम्बी पहारेकरी झालेल्या डार्बी जोन्सच्या तोंडी एकही शब्द नाही, त्याचा उंच देह तेवढा घाबरवायला वापरलाय.

दुसऱ्यात ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट नायक बेन झालाय, आणि संवादांत त्याच्या वर्णाचा एकदाही उल्लेख नाही. फळ्या तो ठोकतो, बंदूक त्याच्या हाती, निर्णय त्याचे. शेवट सांगत नाही, पण श्रेयनामावलीखाली येणारी स्थिरचित्रं लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारल्याच्या, जुन्या छायाचित्रांची आठवण करून देतात. ती संपेपर्यंत दिवे अजिबात लावू नका.

या दुसऱ्या सिनेमाच्या प्रतीबाबत सावध राहा. वितरकाने सिनेमाचं नाव बदललं, तेव्हा नव्या शीर्षकपाटीवर कॉपीराइटची ओळ राहून गेली. त्यामुळे तो कुणालाही विकता आला आणि धुरकट प्रतींचा सुळसुळाट झाला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये पुढे आणलेली पुनरुज्जीवित प्रत मिळवा. रंगवलेली नको. नवे प्रसंग घुसडलेली तिसाव्या वर्षाची आवृत्ती तर मुळीच नको. मूळ सिनेमा दफनभूमीकडे जाणाऱ्या एकट्या मोटारीने सुरू होतो. सुरुवातीला दुसरं काही दिसलं की प्रत बदला.

कौमुदी: क्रम पटला. चर्चेत 'सन ऑफ इंगागी'चा (१९४०) एखादा प्रसंग दाखवा. सगळे कलाकार कृष्णवर्णीय आणि लेखन स्पेन्सर विल्यम्सचं. कथा बेतास बात आहे, पण नवविवाहित जोडपं, डॉक्टर, पोलीस सगळे कृष्णवर्णीयच. कुणी गोऱ्याचा नोकर म्हणून आलेला नाही.

निशाचर: हॅमर या ब्रिटिश भयपट कंपनीचा 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' (१९५९) चालेल का? आपल्याकडच्या प्रेक्षकांना जवळचा वाटेल.

कौमुदी: अख्खा नको, दहा मिनिटं पुरे. चित्रण इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत झालं, आणि कालीचा पुजारी झालेला जॉर्ज पॅस्टेल सायप्रसचा. त्याच सिनेमातला मार्न मेटलंड मात्र कलकत्त्यात जन्मलेला. हा तुकडा दोन सिनेमांच्या मध्ये घालू नका, 'नाइट'चा ताण मोडेल. चर्चेत, बेनवर बोलून झाल्यावर लावा.