मेणवलीचा घाट: वाईकरांनो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईला घेऊन दोन दिवस वाईला जायचा विचार आहे. 'स्वदेस' (२००४) आम्ही घरी इतक्या वेळा पाहिलाय की त्यातलं चरणपूर आईला स्वतःच्या आजोळासारखं वाटतं. ते गाव पडद्यावर उत्तरेतलं असलं तरी बरंचसं चित्रीकरण वाई-मेणवलीत झालं, हे कळल्यापासून तिला तो घाट बघायचाच आहे.

मला मात्र ओढ आहे ती नाना फडणवीसांच्या वाड्याची. चौकामागून चौक, लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं. आणि मेणेश्वराजवळची ती घंटा! १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांच्या फौजेनं आणलेल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटांपैकी ती एक. कृष्णाकाठच्या महादेवापाशी चर्चची घंटा, हे मला कुठल्याही सिनेमापेक्षा मोठं वाटतं.

वाडा आतून बघता येतो का? परवानगी कोणाकडे मागायची? आईचे गुडघे दुखतात, तेव्हा घाटाच्या पायऱ्या कितपत उंच आहेत आणि खाली न उतरता वरून नीट दिसतं का, हेही सांगा. ढोल्या गणपती आणि मेणवली एकाच सकाळी होईल ना?

शूटिंगच्या दिवसांत तिथे असलेलं कोणी इथे आहे का? कुठला प्रसंग नेमका कुठे घेतला, एवढं जरी सांगितलंत तरी आईला तिथेच उभं करून फोटो काढीन.