मदत हवी आहे: जुन्या पिकअपमध्ये ट्रान्समिशन ऑइलचं तापमान कुठे मोजावं?

गाडी २००१ ची शेव्ही सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटर, ४एल६०-ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (ट्रान्समिशन). उन्हाळ्यात डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने कॅम्पर (राहण्याचा ट्रेलर) ओढत आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढायचं असतं, आणि डॅशवर ट्रान्समिशनच्या तापमानाचा काटाच नाही.

आतला सेन्सर कॉम्प्युटर वाचतो, पण ओबीडी ॲपच्या (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं ॲप) नेहमीच्या यादीत तो दिसत नाही. जीएमचा कोड २२१९४०, सूत्र ए वजा ४० (ए म्हणजे कॉम्प्युटरकडून आलेला आकडा) घालून पाहिलं. आकडा येतो, पण मध्येच कनेक्शन तुटतं, तेही नेमकं घाटात! ही गाडी कॅनवाली (नव्या गाड्यांतली डेटा पाठवायची पद्धत) नाही, जे१८५० व्हीपीडब्ल्यूवाली (जुनी पद्धत); त्यामुळे माझा संशय स्वस्तातल्या ब्लूटूथ ॲडॅप्टरवर आहे.

ऑइल-फिल्टर नवे आहेत, ऑइल थंड करणारा जादा कूलर बसवलाय, टो/हॉल मोड (ओझं ओढतानाचा गिअर मोड) वापरतो. 'कूलर मोठा लाव' हा सल्ला नको, आधी आकडा कळू दे.

आता वेगळा गेज लावायचा विचार आहे. पॅनला (ट्रान्समिशनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला) वेल्डिंग करायचं नाही. कूलरकडे जाणाऱ्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) टाकून सेन्सर बसवला, तर टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्सची थेट पकड) सुटल्यावर तिथला आकडा पॅनपेक्षा बराच वर उडणार. मग धोक्याची रेषा कितीवर धरायची? की चांगला वायरवाला ॲडॅप्टर घेऊन आतल्याच सेन्सरवर विसंबावं?