घरच्या नॅसमध्ये लहानमोठ्या डिस्क: झेडएफएसचा आग्रह कशासाठी?

समांतर (धागाकर्ता)
घरचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा साठा, एका दिवसात उभा राहत नाही. दोन-तीन डिस्कवर सुरुवात होते, जागा संपेल तशी एकेक डिस्क वाढते आणि नवी डिस्क बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा मोठी असते. अशा वापराला झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल-प्रणाली) सुचवणं मला पटत नाही. ४, ४, ८, ८ टीबीच्या चार डिस्क घ्या. झेडएफएसचं रेडझेड-१ प्रत्येक डिस्क ४ टीबीचीच धरतं आणि एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेली डिस्क पुन्हा उभारायच्या माहितीला देतं, त्यामुळे हाती १२ टीबी येतात. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीची एसएचआर ही पद्धत त्याच डिस्कचे थर पाडते: खाली चारही डिस्कच्या ४-४ टीबीवर रेड-५ (एका डिस्कएवढी पॅरिटी), वर मोठ्या दोघींच्या उरलेल्या ४-४ टीबीवर रेड-१ (दोन्हीकडे तीच प्रत). बारा अधिक चार, सोळा टीबी. आतून हे एमडीएडीएम आणि एलव्हीएम ही लिनक्सची साधनंच आहेत, त्यामुळे खोकं मेलं तरी डिस्क लिनक्सच्या पीसीला जोडून डेटा काढता येतो.

चेकसम
चार टीबी जास्त मिळतात हे मान्य, पण "झेडएफएस एकेका डिस्कने वाढत नाही" हा नेहमीचा आक्षेप आता जुना झाला. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून 'झेडपूल अ‍ॅटॅच'ने रेडझेडमध्ये एक डिस्क वाढवता येते, पूल (सगळ्या डिस्कचा मिळून साठा) चालू असतानाच. शिवाय प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (डेटा बिघडला का हे ओळखायचा आकडा) असतो. एसएचआरवर बीटीआरएफएस ही फाइल-प्रणाली घेतलीत तरी 'डेटा चेकसम'चा पर्याय शेअर्ड फोल्डर तयार करतानाच निवडावा लागतो, नंतर चालू करता येत नाही. तो राहून गेला तर नवा फोल्डर करून सगळा डेटा हलवा.

समांतर
त्या वाढीची दुसरी बाजूही सांगा. ४ टीबीच्या चार डिस्कची पाच झाली, तरी जुना डेटा तीनास एक या पॅरिटीतच राहतो. चारास एक हे प्रमाण फक्त नव्याने लिहिलेल्याला लागू होतं. मोकळी जागाही जुन्याच हिशेबाने दिसते, १६ ऐवजी १५ टीबीच्या आसपास. जुना डेटा पुन्हा लिहून काढावा, तर स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या जपलेल्या प्रती) जुने ब्लॉक सोडत नाहीत आणि पूल उलट भरत जातो. रेडझेड-१ चं रेडझेड-२ तर होतच नाही.

चेकसम
म्हणूनच पॅरिटी पहिल्या दिवशी ठरवायची. खरा धोका वेगळाच आहे: 'अ‍ॅटॅच'च्या जागी 'झेडपूल अ‍ॅड' दिलं, की ती एकटी डिस्क स्वतंत्र व्हीडेव्ह (पुलातला वेगळा गट) होऊन बसते. पुलात रेडझेड असेल तर ती परत काढता येत नाही, आणि ती गेली की अख्खा पूल गेला. झेडएफएस आधी अडवतं, पण लोक इशारा न वाचता 'उणे एफ' लावून ते जबरदस्तीने करतात. त्याऐवजी 'उणे एन' लावा, म्हणजे काहीही न बदलता पुलाची होणारी रचना दिसते.

थेंबेथेंबे
दोघंही पट्ट्यांच्या (डेटा सगळ्या डिस्कवर वाटणाऱ्या) रेडमध्येच अडकला आहात. घरचा बहुतेक साठा म्हणजे फोटो आणि चित्रपट: एकदा लिहायचे, पुष्कळदा वाचायचे. त्याला मर्जरएफएस (अनेक डिस्क एकत्र दाखवणारं) आणि स्नॅपरेड (सांगितल्यावर पॅरिटी काढणारं) पुरतं. प्रत्येक फाइल पूर्णपणे एकाच डिस्कवर असते. पॅरिटीपलीकडे डिस्क गेल्या, तरी उरलेल्यांवरचा डेटा शाबूत. अट एकच: पॅरिटीची डिस्क सर्वांत मोठ्या डेटा डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. तुमच्या चार डिस्कमधली एक ८ टीबीची पॅरिटीला दिली, की इथेही १६ टीबीच मिळतात. चेकसम आहेत, डेटा वाचून तपासणारं 'स्क्रब'ही आहे.

चेकसम
पण ती पॅरिटी शेवटच्या 'सिंक'पर्यंतचीच, म्हणजे ती शेवटची ताजी केली तोपर्यंतचीच असते. त्यानंतर फाइल हटवली आणि दुसरी डिस्क गेली, तर हटवलेल्या ब्लॉकशी जोडलेले त्या डिस्कवरचे ब्लॉक परत येत नाहीत. म्हणजे हात एका डिस्कला लावला आणि फटका दुसरीला बसला. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन तर तिथे ठेवूच नका.

थेंबेथेंबे
बरोबर, ते एसएसडीच्या वेगळ्या जोडीवर ठेवावं. रोजच्या 'सिंक'आधी बदल दाखवणारं 'डिफ' चालवायचं आणि हटवलेल्या फाइलींचा आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला तर स्क्रिप्टने थांबायचं. हटवायच्या फाइली आधी त्याच डिस्कवरच्या, स्नॅपरेडमधून वगळलेल्या एका फोल्डरात हलवून 'सिंक'नंतर पुसल्या, तर तुम्ही म्हणता ती फटही बरीच बुजते.

समांतर
हे शिस्तीचं काम घरातल्या किती जणांकडून होईल, याची मला शंका आहे. पद्धत कुठलीही निवडा, एक बे (डिस्कची जागा) रिकामा ठेवा. जुनी डिस्क न काढता बदली करता आली, तर त्या वेळात संरक्षण टिकून राहतं. आणि हा वेळ थोडा नसतो: ८ टीबी सरासरी १५० एमबी प्रतिसेकंदाने लिहायला जवळपास १५ तास लागतात, एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क असेल तर कितीतरी जास्त.