शब्दचर्चा: आमसभा, ठराव, तटस्थ आणि ‘एकमत’

मूळ प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाविषयी शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी मराठीत एक पुस्तिका लिहिते आहे. मजकूर जवळजवळ तयार आहे, पण शब्द पक्के होत नाहीत. एकाच सभेला आमसभा, महासभा, सर्वसाधारण सभा अशी तीन नावे दिसतात. ‘प्रस्ताव पारित झाला’ आणि ‘ठराव संमत झाला’ अशी दोन्ही वाक्ये वाचायला मिळतात. सगळ्यात जास्त अडले आहे ते मतदानापाशी. युक्रेनवरील आक्रमणाबद्दल २ मार्च २०२२ रोजी जो ठराव झाला, त्याच्या बाजूने १४१ आणि विरोधात ५ देशांनी मत दिले. उरलेल्यांपैकी ३५ देशांचा उल्लेख कुठे ‘गैरहजर’, कुठे ‘तटस्थ’, कुठे ‘अलिप्त’ असा सापडतो. तिन्ही चालतात का? आणि मतदान न घेताच ठराव होतो तेव्हा ‘एकमताने’ लिहावे का?

प्रतिसाद

मतदानापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या शब्दांत फार तर चव बिघडते, इथे मात्र माहितीच चुकते.

‘गैरहजर’ नको. आमसभेच्या सभागृहात प्रत्येक शिष्टमंडळासमोर तीन बटणे असतात: बाजूने असाल तर हिरवे, विरोधात असाल तर लाल, आणि दोन्ही नसाल तर पिवळे. पिवळे बटण दाबणे ही कृती आहे. देशाच्या नावासमोर तिची नोंद होते, आणि पुढे कित्येक वर्षे त्या नोंदीचा दाखला दिला जातो. तुमच्याच उदाहरणात १४१, ५ आणि ३५ मिळून १८१ होतात. सदस्य देश १९३. म्हणजे १२ देशांची कोणतीच नोंद नाही. पिवळे बटण दाबणाऱ्या ३५ जणांना गैरहजर म्हटले, तर या १२ जणांना काय म्हणणार?

त्या १२ देशांनाही सरसकट गैरहजर म्हणता येत नाही. एखादा प्रतिनिधी सभागृहात बसूनही बटण दाबत नाही. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १९ प्रमाणे, एखाद्या देशाची थकबाकी मागच्या दोन पूर्ण वर्षांच्या वर्गणीइतकी किंवा त्याहून जास्त झाली, तर त्याचा आमसभेतला मताधिकार थांबतो. थकबाकी त्या देशाच्या आवाक्याबाहेरच्या कारणांनी झाली आहे असे आमसभेला पटले, तर ती त्याला मत देऊ देते. असा मताधिकार थांबलेला प्रतिनिधी हजर असतो, पण त्याला मत नसते. म्हणून या गटासाठी ‘मतदानात भाग न घेतलेले’ एवढेच लिहावे.

मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे मतदान बघा. १० डिसेंबर १९४८, पॅरिस. बाजूने ४८, विरोधात शून्य, तटस्थ ८, आणि दोन देश खरोखरच गैरहजर. तटस्थ आठांत सोव्हिएत युनियन, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका होते. त्यांनी आपले आक्षेप मांडले होते आणि मग जाणीवपूर्वक मत हातचे राखले होते. त्यांना गैरहजर लिहिले की हा सगळा विरोध इतिहासातून पुसला जातो.

राहिले ‘तटस्थ’ आणि ‘अलिप्त’. अलिप्त हा शब्द अलिप्ततावादी चळवळीने कधीच व्यापला आहे. ‘अमुक देश अलिप्त राहिला’ असे वाचले की वाचक परराष्ट्र धोरणाकडे वळतो, त्या दिवशीच्या मतदानाकडे नाही. तटस्थ घ्या, पण क्रियापदासकट: ‘तटस्थ राहिला’. ‘तटस्थ देश’ असे विशेषण करू नका. १९४८ मध्येच दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे धोरण राबवणारे सरकार आले होते. माणसांच्या समतेच्या प्रश्नावर ते तटस्थ होते असे कोण म्हणेल? त्या मतदानात तो देश तटस्थ राहिला, एवढेच खरे.

प्रश्नकर्तीकडून

हे अगदी पटले. मग ‘३५ तटस्थ मते पडली’ असे लिहिले तर चालेल ना?

प्रतिसाद

नाही चालणार, आणि त्याचे कारण नियमातच आहे. आमसभेचे निर्णय ‘उपस्थित आणि मतदान करणाऱ्या’ सदस्यांच्या बहुमताने होतात, आणि नियमावली स्पष्ट सांगते की तटस्थ राहणारा मतदान न करणारा धरायचा. म्हणजे तटस्थ मत अशी वस्तूच नाही. त्याची नोंद होते, मोजणी होत नाही.

याचा परिणाम केवढा असतो ते २५ ऑक्टोबर १९७१ च्या मतदानात दिसते. चीनची जागा बीजिंगच्या सरकारला देण्याचा तो ठराव. बाजूने ७६, विरोधात ३५, तटस्थ १७. आता दोन-तृतीयांशाचा हिशोब करून पाहा. ७६ आणि ३५ मिळून १११, त्यांचे दोन-तृतीयांश ७४. ठराव त्या कसोटीवरही टिकतो. पण तटस्थ राहिलेले १७ देश ‘मत देणारे’ धरले, तर एकूण १२८ होतात आणि ८६ मते लागतात. तोच ठराव दहा मतांनी पडतो! प्रत्यक्षात दोन-तृतीयांशाची गरज लागलीच नाही, कारण हा ‘महत्त्वाचा प्रश्न’, म्हणजे दोन-तृतीयांश मते लागणारा, मानावा ही अमेरिकेने लावून धरलेली सूचना त्याच दिवशी ५५ विरुद्ध ५९ मतांनी फेटाळली गेली होती. साधे बहुमत पुरेसे ठरले.

तर मुलांना सांगताना ‘१९३ पैकी दोन-तृतीयांश’ असे कधीही लिहू नका. शांतता व सुरक्षेबाबतच्या शिफारशी, नव्या सदस्यांचा प्रवेश, अंदाजपत्रक अशा प्रश्नांना दोन-तृतीयांश लागतात हे खरे, पण ते मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश. सगळ्या सदस्यांचे नव्हे.

प्रतिसाद

ठराव आणि प्रस्ताव यांबद्दल लिहितो. मराठीत हे दोन टप्पे आहेत. सभेपुढे येतो तो प्रस्ताव किंवा ठरावाचा मसुदा. सभेने स्वीकारल्यावर तो होतो ठराव. हिंदीत दोन्ही टप्प्यांना ‘प्रस्ताव’ चालते, त्यामुळे हिंदीवरून घाईने केलेल्या मराठी बातमीत ‘प्रस्ताव पारित’ येते आणि नेमके काय झाले तेच कळत नाही. आपल्याकडे ठराव मांडतात, संमत करतात, फेटाळतात, कधी बारगळतो. एवढी क्रियापदे हाताशी असताना ‘पारित’ कशाला?

पण ठराव या शब्दात एक धोका आहे आणि त्याकडे माझे मन पुन्हा पुन्हा जाते. ठराव म्हणजे ठरलेले. वाचकाला वाटते की झाले, आता अंमल होणार. सनदेच्या कलम १० प्रमाणे मात्र आमसभा चर्चा करते आणि शिफारस करते. सदस्य देशांनी अमुक करावे असे ती म्हणते तेव्हा ते कायद्याने बंधनकारक नसते. घरच्या कारभारात तिचा शब्द चालतो: अंदाजपत्रक मंजूर करणे, कोणत्या देशाने खर्चाचा किती वाटा उचलायचा ते ठरवणे, सुरक्षा परिषदेच्या अस्थायी सदस्यांची निवडणूक. तिथे ठराव हा शब्दाच्या पूर्ण अर्थाने ठराव असतो.

म्हणून नामापेक्षा क्रियापद सांभाळा. संयुक्त राष्ट्रांचा ठराव हे व्याकरणाने एकच लांबलचक वाक्य असते. आरंभी कर्ता येतो, आमसभा, आणि मग प्रत्येक परिच्छेद एकेका क्रियापदाने सुरू होतो: आवाहन करते, शिफारस करते, नोंद घेते, नापसंती व्यक्त करते, निषेध करते, निर्णय घेते. प्रतिनिधी या क्रियापदांवर कित्येक दिवस घासाघीस करतात. मराठीत क्रियापद शेवटी जात असल्याने परिच्छेद संपेपर्यंत वाचकाला जोर कळत नाही, म्हणून भाषांतरात प्रत्येक परिच्छेदाचे स्वतंत्र छोटे वाक्य करावे. आणि पायऱ्या मिसळू देऊ नयेत. मार्च २०२२ च्या ठरावाच्या मुख्य भागात आक्रमणासाठी वापरलेले क्रियापद ‘निषेध’ याच्या एक पायरी खालचे आहे, ‘अत्यंत तीव्र शब्दांत नापसंती’ असे म्हणता येईल. बातम्यांत मात्र सर्रास ‘निषेधाचा ठराव’ आले.

प्रतिसाद

सभेच्या नावाबद्दल माझे मत. संयुक्त राष्ट्रांसाठी ‘आमसभा’ घ्या. मराठी वाचकाच्या कानाला सरावाचा आहे, आटोपशीर आहे. ‘सर्वसाधारण सभा’ चूक नाही, पण तिथे नोंदणीकृत संस्थेची वार्षिक बैठक डोळ्यांसमोर येते. ‘महासभा’ हिंदीतून आलेला आहे आणि ‘महा’मुळे आकाराचा भास होतो. मुद्दा आकाराचा नसून सगळ्यांना समान जागा असण्याचा आहे. एक देश, एक मत; लोकसंख्या किंवा वर्गणी कितीही असो.

मात्र हाच शब्द दुसऱ्या संघटनांना चिकटवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची ती ‘जागतिक आरोग्य सभा’. २०२५ मध्ये तिचे सदस्य १९४ होते, संयुक्त राष्ट्रांपेक्षा एक जास्त; ती नियमाने मे महिन्यात जिनिव्हात भरते. युनेस्कोची ‘सर्वसाधारण परिषद’, दोन वर्षांतून एकदा. इथे ‘परिषद’ हा शब्द घात करतो, कारण सुरक्षा परिषद १५ जणांची आणि ही परिषद सगळ्या सदस्यांची. मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द पडला आहे आणि तो आता बदलणार नाही. त्यामुळे पहिल्या उल्लेखातच ‘सर्व सदस्य देशांची’ किंवा ‘निवडक सदस्यांची’ असे जोडावे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी मत देतात: सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक, आणि चौघांचे मत स्वतंत्र. एकाच देशाचा कामगार प्रतिनिधी बाजूने आणि मालकांचा प्रतिनिधी विरोधात मत देऊ शकतो, देतोही. त्यामुळे तिथे ‘अमुक देशाने बाजूने मत दिले’ हे वाक्यच लागू पडत नाही. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. ताई, पुस्तिकेत त्यांचा उल्लेख नक्की करा.

प्रतिसाद

आता ‘एकमताने’. हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघासाठी राखून ठेवावा असे मला वाटते. त्याच्या करारनाम्यातील कलम ५ प्रमाणे बहुतेक निर्णयांना बैठकीस हजर असलेल्या सगळ्या सदस्यांची संमती लागे. एकाचे ‘नाही’ पुरेसे होते. हे खरे एकमत.

आज बहुतेक सभांमध्ये जे होते ते निराळे आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात त्याची व्याख्याच दिली आहे: निर्णयाच्या वेळी हजर असलेल्या एकाही सदस्याने औपचारिक आक्षेप घेतला नाही, तर सहमती झाली असे मानायचे. इथे सगळे ‘हो’ म्हणत नाहीत, कोणी ‘नाही’ म्हणत नाही. मनात नाराजी असू शकते, आणि निर्णयानंतर ती बोलूनही दाखवली जाते.

संयुक्त राष्ट्रांत या प्रथेला बळ मिळाले ते एका पेचातून. शांतिसेनेच्या मोहिमांचा खर्च द्यायला सोव्हिएत युनियन आणि फ्रान्सने नकार दिला होता. थकबाकी वाढत गेली, आणि १९६४ चे अधिवेशन आले तेव्हा कलम १९ लागू करा असा अमेरिकेचा आग्रह होता. मतदान घेतले असते तर सोव्हिएत युनियनला मत आहे की नाही हा प्रश्न पहिल्याच क्षणी उभा राहिला असता, आणि संघटना फुटण्याची भीती होती. म्हणून मतदान शक्यतो टाळले गेले. आधी पडद्याआड सल्लामसलत, मग सभेत ‘कोणाचा आक्षेप?’, आणि शांतता म्हणजे संमती. ती सवय पुढे टिकली.

त्यामुळे ‘मतदानाविना संमत’ हा सर्वांत निर्धोक प्रयोग. छोटा शब्द हवा तर ‘सहमतीने’.

प्रतिसाद

‘बिनविरोध’ का नको? सभेच्या मराठीत तो मुरलेला आहे आणि विरोध नव्हता एवढेच सांगतो, जास्त काही नाही.

प्रतिसाद

वाईट नाही, पण एक अडचण आहे. मतदान होऊन विरोधात शून्य मते पडली तरी ‘बिनविरोध’ म्हणता येते, आणि मतदान झालेच नाही तरीही. २०२५ ची साथरोग कराराची घटना घ्या. जागतिक आरोग्य सभेच्या समितीत १९ मे रोजी मतदान झाले: बाजूने १२४, विरोधात शून्य, तटस्थ ११. दुसऱ्या दिवशी पूर्ण सभेने तोच करार मतदान न घेता सहमतीने स्वीकारला. ‘बिनविरोध’ दोन्ही दिवसांना लागू होतो आणि मग दोन दिवसांतला फरक दिसत नाही. ‘एकमताने’ लिहिले तर ११ देशांचे तटस्थ राहणेच नाहीसे होते. ‘समितीत विरोधाविना, सभेत सहमतीने’ असे लिहिले की दोन्ही गोष्टी जागेवर राहतात.

आणि ‘स्वीकारला’ म्हणजे लागू झाला असे नव्हे. करार असेल तर देशोदेशी त्याचे अनुसमर्थन, म्हणजे त्या त्या देशाचा औपचारिक स्वीकार, व्हावे लागते. शब्द जड आहे, पण त्याला पर्याय म्हणून ‘मान्यता’ वापरू नका. मान्यता सभाही देते, सरकारही देते, आणि मग कोणी दिली ते कळत नाही.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांची आभारी आहे. मतदानाचे प्रकरण आज पुन्हा लिहायला घेते. एक शेवटचे: देशाचा प्रतिनिधी खरोखर त्या देशाचाच आहे हे सिद्ध करणारा जो कागद असतो, त्याला ‘ओळखपत्र’ म्हणू का?

प्रतिसाद

‘अधिकारपत्र’ म्हणा. ओळखपत्र माणसाची ओळख सांगते. हा कागद सांगतो की या माणसाला त्या देशाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे, आणि त्यावर राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री यांची सही लागते. आमसभेची नऊ सदस्यांची समिती ती पत्रे तपासते. एका देशात दोन सरकारे दावा करत असतील, तर खुर्चीवर कोण बसणार हा वाद तिथे येतो. १९७४ मध्ये आमसभेने दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारची अधिकारपत्रे नाकारली आणि त्या शिष्टमंडळाला कामकाजात भाग घेता आला नाही. देश सदस्य राहिला, प्रतिनिधी बाहेर. ‘ओळखपत्र नाकारले’ असे लिहिले तर यातले काहीच पोचणार नाही.